संजीवक पेशीच्या आत नेमके काय करते?

पंचगंगेचा पूर ओसरल्यानंतर कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ, करवीर आणि हातकणंगले तालुक्यांतील नदीकाठच्या उसात एक गोष्ट दरवेळी दिसते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर तर ती शिवारेच्या शिवारे भरून दिसत होती. ज्या उसाचा शेंडा बरेच दिवस पाण्याखाली राहून कुजला, त्याच्या कांड्यांवर कित्येक महिने निपचित पडून असलेले डोळे फुटू लागतात आणि उभ्या उसाला पांगशा, म्हणजे बाजूच्या फुटी, येतात. ज्याचा शेंडा पाण्याच्या वर तरला, त्याच्या पेरांवर मुळ्या सुटतात, पण डोळे सहसा तसेच बंद राहतात. पांगशा वाढल्या की कांड्यांत साठलेली साखर त्यांच्या वाढीवर खर्च होते. म्हणूनच असा ऊस लवकर गाळपास पाठवण्याचा सल्ला दिला जातो.

वरचा शेंडा मेला, हे चार-पाच फूट खाली असलेल्या डोळ्याला कसे कळते? झाडाला मज्जातंतू नाहीत, मेंदू नाही. या प्रश्नाचे उत्तर ज्या रसायनांमध्ये आहे, त्यांचीच भावंडे कृषी सेवा केंद्रातल्या फळीवर ‘जीए’, ‘सिक्स बीए’, ‘एनएए’, ‘इथेफॉन’ अशा नावांनी ठेवलेली असतात आणि शेतकरी ती ‘टॉनिक’ म्हणून घेऊन जातो. ही रसायने म्हणजे संजीवके, अर्थात वनस्पतींची संप्रेरके. त्यांच्यावर मोठा खर्च होतो आणि त्यांच्याविषयी गैरसमजही मोठे आहेत. ती पेशीत शिरून काय करतात, हे गेल्या तीस-पस्तीस वर्षांत बऱ्याच तपशिलाने उलगडले आहे. ते नीट समजले तर यांतील बहुतेक गैरसमज गळून पडतात, असे मला मनापासून वाटते.

खताचे काम वेगळे

युरिया किंवा पोटॅश झाडाच्या शरीराचा भाग होतो. नत्रापासून प्रथिने बनतात, हरितद्रव्य बनते, आणि ते कमी पडले की वाढ थांबते. संजीवकापासून झाडाचे काहीही बनत नाही. ते झाडाच्या एका भागात अत्यल्प प्रमाणात तयार होते, दुसरीकडे जाते किंवा तिथेच राहते, आणि पेशीला काय करायचे याची केवळ सूचना देते. हे प्रमाण किती अल्प असते, याचा एक दाखला पुरेसा आहे. १९७९ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी ब्रासिनोलाइड हे संजीवक मोहरीवर्गीय पिकाच्या परागकणांतून वेगळे केले, तेव्हा मधमाश्यांनी गोळा केलेल्या सुमारे २२७ किलो परागांतून त्यांच्या हाती फक्त ४ मिलिग्रॅम पदार्थ लागला.

अशा सूचनेचा पहिला माग चार्ल्स डार्विन आणि त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांना १८८० मध्ये लागला. गवताचा कोवळा कोंब उजेडाकडे वळतो; पण त्याचे टोक झाकले की वळत नाही, आणि वळण तर टोकाच्या खाली येते. म्हणजे उजेड जाणवतो एका ठिकाणी आणि वाढ बदलते दुसऱ्या ठिकाणी. पुढे १९२६ ते १९२८ या काळात हॉलंडमध्ये फ्रिट्झ वेंट यांनी ओटच्या कोंबाची टोके अगार या जेलीसारख्या पदार्थाच्या तुकड्यांवर ठेवून त्यांत उतरलेला पदार्थ पकडला, आणि नुसता तो तुकडा टोक छाटलेल्या कोंबावर एका बाजूला ठेवला तरी कोंब वाकतो, हे दाखवले. या पदार्थाला ऑक्सिन म्हणतात. नेमके १९२६ मध्येच तैवानमध्ये एइची कुरोसावा भाताच्या एका रोगाचा अभ्यास करत होते. त्या रोगात रोप वेड्यासारखे उंच वाढते आणि कोलमडते. रोगकारक बुरशी ज्या द्रव्यात वाढली, ते गाळलेले द्रव्यच निरोगी रोपाला दिले तरी रोप तसेच उंच होते, हे त्यांनी सिद्ध केले. त्या बुरशीच्या नावावरून पुढे जिबरेलिन हे नाव रूढ झाले. दुकानातले ‘जीए’ ते हेच.

वाढ ढकलावी लागत नाही, अडवलेली असते

संजीवक म्हणजे पेशीला जोर देणारे काहीतरी, अशी आपली सर्वसाधारण कल्पना असते. प्रत्यक्ष यंत्रणा जवळजवळ उलटी आहे, आणि ती समजण्यासाठी राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे डोळ्यांसमोर आणावेत. दरवाजामागचे पाणी ढकलावे लागत नाही. ते स्वतःच्या दाबाने बाहेर पडायला तयारच असते. पातळी ठरावीक उंचीला पोहोचली की दरवाजा उघडतो, पाणी वाहते, आणि पातळी उतरली की दरवाजा पुन्हा बंद होतो.

पेशीच्या केंद्रकात हजारो जनुके असतात. जनुक म्हणजे एखादे प्रथिन कसे बनवायचे याची डीएनएमध्ये नोंदलेली माहिती. कोणते जनुक कधी वाचले जावे, हे ठरवणारी काही प्रथिने डीएनएवरच बसलेली असतात, आणि वाढीची जनुके सुरू करणारी अशी प्रथिने पेशीत तयारच असतात. पण त्यांना धरून ठेवणारी दुसरी प्रथिने असतात. त्यांना आपण रोधक म्हणू. रोधक म्हणजे धरणाचा बंद दरवाजा. तो आहे तोवर जनुक गप्प राहते.

ऑक्सिन पेशीत शिरून केंद्रकातल्या ‘टीआयआर-१’ नावाच्या प्रथिनापर्यंत पोहोचते. संजीवकाला ओळखून धरणाऱ्या अशा प्रथिनाला ग्राही म्हणतात. टीआयआर-१ ला एक खोलगट जागा आहे. ऑक्सिन त्या जागेत बसले की वरची पोकळी अशी भरून निघते की रोधक प्रथिनाचा एक छोटा भाग तिथे घट्ट बसू शकतो. ऑक्सिन नसेल तर ही पकड ढिली राहते. पकड बसली की रोधकावर युबिक्विटिन नावाच्या लहान प्रथिनाची साखळी चढवली जाते. ही खूण पटली की पेशीतली प्रथिने मोडणारी यंत्रणा त्या रोधकाचे तुकडे करते. दरवाजा गेला, जनुक सुरू झाले.

इतकी गुंतागुंत कशासाठी, असा प्रश्न वाचकाला पडेल. त्याचे उत्तर वेगात आहे. नवे प्रथिन पहिल्यापासून तयार करायला वेळ लागतो; तयार असलेला अडथळा मोडायला मिनिटे पुरतात. ऑक्सिन मिळाल्यावर काही जनुके मिनिटांतच जागी होतात आणि दहा-पंधरा मिनिटांत कोंबाची लांबी वाढू लागल्याचे मोजता येते. पेशी आपल्या भिंतीत आम्लता वाढवते, भिंतीचे धागे सैल होतात आणि आतल्या पाण्याच्या दाबाने पेशी ताणली जाते. त्याहून मला मोलाची वाटणारी गोष्ट अशी की ऑक्सिनमुळे जी जनुके सर्वांत आधी सुरू होतात, त्यांत रोधक बनवणारी जनुकेही असतात. म्हणजे दरवाजा उघडतानाच नवा दरवाजा घडवायला सुरुवात होते, आणि ऑक्सिन ओसरले की तो बसतो.

टीआयआर-१ हाच ऑक्सिनचा ग्राही आहे, हे २००५ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले आणि २००७ मध्ये त्याची त्रिमितीय रचना प्रसिद्ध झाली. युबिक्विटिनची यंत्रणा माणसाच्या पेशीतही आहे. तिच्या शोधासाठी ॲरन चिखानोव्हर, अव्राम हर्श्को आणि अर्विन रोझ यांना २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले होते.

बुटका गहू आणि बुटका भात

जिबरेलिनचे काम याच तत्त्वावर चालते. त्याच्या रोधकांना डेला प्रथिने म्हणतात, आणि त्याचा ग्राही २००५ मध्ये जपानमधील नागोयाच्या शास्त्रज्ञांना भातातच सापडला. जिबरेलिन ग्राहीत बसते, ग्राही डेलाला पकडतो, डेला मोडले जाते आणि कांडी लांब होते.

आजरा-चंदगडकडच्या भाताच्या उंच पारंपरिक वाणांना जोरकस पावसात लोळण्याचा धोका असतो, हे तिथल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. खत वाढवले की ताट अधिक उंच होते आणि दाणा भरण्याआधी आडवे पडते. हरितक्रांतीने हाच प्रश्न सोडवला. त्या वेळी कोणालाही डेला माहीत नव्हते. निवड झाली ती केवळ बुटक्या, खत पचवणाऱ्या झाडांची. नॉर्मन बोरलॉग यांनी नोरिन १० या जपानी गव्हाचा बुटकेपणा आपल्या वाणांत आणला आणि १९७० मध्ये त्यांना शांततेचे नोबेल मिळाले. भातात हेच काम १९६६ मध्ये प्रसारित झालेल्या आयआर ८ ने केले.

दोन्ही पिके बुटकी झाली, पण कारणे वेगळी निघाली. १९९९ मध्ये असे कळले की गव्हातला बदल डेला प्रथिनातच आहे: ज्या भागावर जिबरेलिनच्या ग्राहीची पकड बसते, तोच भाग बिघडला आहे, म्हणून दरवाजा जवळजवळ उघडतच नाही. २००२ मध्ये उलगडले की आयआर ८ मध्ये दरवाजा अगदी ठीक आहे, पण जिबरेलिन तयार करणारे एक विकर (एन्झाइम) निकामी असल्याने पातळीच कमी राहते. याची कसोटी साधी आहे. बुटक्या भातावर जिबरेलिन फवारले तर तो उंच होतो. बुटक्या गव्हावर फवारले तर तो दाद देत नाही. फवारणीचा परिणाम बाटलीइतकाच पेशीतल्या यंत्रणेवर अवलंबून असतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

इथिलीन: आंबा पिकवणारा वायू

इथिलीन हे वायुरूप संजीवक आहे. दिमित्री नेल्युबोव यांनी १९०१ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये त्याचा परिणाम ओळखला. अंधाऱ्या खोलीतली वाटाण्याची रोपे आखूड, जाड आणि आडवी वाढत होती, आणि दोष निघाला दिव्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या गॅसमधल्या इथिलीनचा.

याच्या ग्राहीची गोष्ट विलक्षण आहे. इथिलीन नसताना हा ग्राही कामावर असतो आणि पुढचा सगळा मार्ग अडवून धरतो. इथिलीन त्याला चिकटले की तो गप्प होतो आणि मार्ग मोकळा होतो. इथेही काम अडथळा हटवण्याचेच, फक्त पद्धत वेगळी. इथिलीन पाण्यातून फार हळू पसरते, म्हणून पुरात बुडालेल्या भागात ते कोंडले जाते आणि पेरांतून मुळ्या सुटायला चालना मिळते.

उन्हाळ्यात कोल्हापूरच्या बाजारात हापूस आला की कार्बाइडच्या बातम्या येतात, आणि ‘औषधाने पिकवलेला’ म्हणजे विषारी, असे सरसकट म्हटले जाते. दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. आंबा स्वतःच इथिलीन तयार करून पिकतो. पिकवण खोलीत बाहेरून दिलेले इथिलीन हा तोच रेणू असतो, आणि १०० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत शंभर भाग) त्याच्या वापराला आपल्याकडे परवानगी आहे. कॅल्शियम कार्बाइडमधून ॲसिटिलीन निघतो. तो इथिलीनची दुबळी नक्कल करतो, पण बाजारू कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरस यांचे अंश असतात. फळे पिकवण्यासाठी त्यावर बंदी आहे, आणि ती अगदी योग्य आहे.

डोळा बंद का राहतो

आता पांगशांकडे. शेंड्यात तयार होणारे ऑक्सिन खोडातून खाली वाहते, तासाला साधारण एक सेंटिमीटर या गतीने. पेशींच्या खालच्या बाजूला बसलेली वाहक प्रथिने त्याला एकाच दिशेने पुढे देतात. हे ऑक्सिन स्वतः डोळ्यात शिरून त्याला थांबवत नाही. खोडात त्याची पातळी चांगली असली की सायटोकायनिन कमी बनते आणि स्ट्रिगोलॅक्टोन वाढते. ही आणखी दोन संजीवके. यांतले पहिले डोळ्याला फुटायला सांगते आणि दुसरे रोखते. सायटोकायनिनची सूचना पेशीत पोहोचते तीही निराळ्या वाटेने: फॉस्फेटचा एक गट एका प्रथिनावरून दुसऱ्यावर सोपवला जात केंद्रकापर्यंत जातो.

यात साखरेचाही वाटा आहे. वाटाण्यावर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले की शेंडा खुडल्यावर खालचा डोळा ऑक्सिन घटण्याच्या आधीच हालचाल सुरू करतो, कारण शेंड्याकडे ओढली जाणारी साखर तत्काळ त्याच्याकडे वळते. ऑक्सिनच्या एका धाग्यावर संपूर्ण गोष्ट बांधणाऱ्या जुन्या पाठ्यपुस्तकांना त्यामुळे दुरुस्ती करावी लागली. आपल्याकडे जेठा (मुख्य) कोंब मोडून फुटवे वाढवण्याची रीत याच शेंडा आणि डोळ्याच्या नात्यावर उभी आहे.

एकच संजीवक प्रत्येक पेशीला वेगळे का सांगते, या शंकेचेही उत्तर इथेच आहे. रोधक आणि त्यांनी धरलेली प्रथिने यांचे अनेक प्रकार असतात, आणि मुळाच्या पेशीत एक संच तर खोडाच्या पेशीत दुसरा. १९५७ मध्ये फोल्के स्कूग आणि कार्लोस मिलर यांनी तंबाखूच्या ऊतींवर दाखवले की ऑक्सिन जास्त असेल तर मुळे, सायटोकायनिन जास्त असेल तर कोंब, आणि दोन्ही समतोल असतील तर नुसता पेशींचा गोळा वाढतो. टिश्यू कल्चर केळीची रोपे याच शोधामुळे आपल्या शेतात आली.

मग जास्त फवारले तर जास्त वाढ का होत नाही?

कारण मोडायला रोधकच उरले नाहीत की वाढीव मात्रेला काम राहत नाही. ऑक्सिनची मात्रा फार वाढली तर परिणाम उलटतो. टू-फोर-डी हे तणनाशक ऑक्सिनसारखेच टीआयआर-१ मध्ये बसते, पण रुंद पानांच्या झाडाला ते लवकर मोडता येत नाही. दरवाजे उघडे ते उघडेच राहतात. पाने मुरडतात, खोड पिळवटते, इथिलीन वाढते आणि झाड मरते. ऊस गवताच्या कुळातला असल्याने त्याची शरीररचना आणि ते रसायन निकामी करण्याची क्षमता वेगळी असते, म्हणून तो तरतो. शेजारच्या सोयाबीनला, भाजीपाल्याला किंवा द्राक्षाला मात्र वाऱ्याने आलेले थोडे तुषारही भोवतात. तणनाशकाचा पंप दुसऱ्या फवारणीला वापरू नये, हा आग्रह एवढ्यासाठीच असतो.

हे शोध बहुतांशी अरेबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या चिमुकल्या झाडावर लागले, मग उसाला ते लागू पडतात का, हा आक्षेप रास्त आहे. मूळ यंत्रणा हरितासारख्या (मॉस) साध्या वनस्पतींतही सापडली असल्याने ती फार जुनी आणि सर्वसामायिक आहे, यात शंका नाही. तपशील मात्र जसाच्या तसा उचलता येत नाही. उसात शंभराहून अधिक गुणसूत्रे असतात, एकेका जनुकाच्या अनेक प्रती असतात, आणि आर ५७० या वाणाचा सविस्तर जनुकीय आराखडा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणत्या प्रतीचे कोणत्या कांडीत काय चालते, हे काम आता कुठे सुरू झाले आहे.

बाटली घेताना

जिबरेलिनसारखी संजीवके १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली येतात. समुद्री शेवाळ, ह्युमिक आम्ल यांसारखी जैवउत्तेजके २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. ज्या बाटलीवर घटकाचे नाव आणि प्रमाण नाही, तिच्याविषयी कोणता दरवाजा उघडेल हे कोणीच सांगू शकत नाही, आणि अशी बाटली घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बाटलीवर सगळे लिहिलेले असले तरी एक प्रश्न उरतो: झाडाने वाढ थांबवली आहे ती कशासाठी? पाणी तुटले की ॲब्सिसिक आम्ल हे संजीवक वाढते, ते पानांवरची सूक्ष्म छिद्रे मिटवते आणि वाढीला आवर घालते. क्षारपड जमिनीत याहून बोलके चित्र दिसते. अरेबिडॉप्सिसवरील २००६ च्या संशोधनात मिठाचा ताण बसल्यावर डेला प्रथिने साठतात, वाढ मंदावते, आणि त्यामुळेच झाड तग धरते, असे आढळले. ज्या झाडांत ही प्रथिने नव्हती, ती त्या ताणात अधिक मेली. शिरोळ तालुक्यात क्षारपड झालेले मोठे क्षेत्र आहे. तिथला ऊस आखूड कांड्यांचा राहिला म्हणून त्यावर जिबरेलिन मारणे म्हणजे झाडाने स्वतःच्या बचावासाठी बंद केलेला दरवाजा जबरीने उघडण्यासारखे ठरण्याची शक्यता आहे. तिथे पैसा आधी जमिनीखालच्या सच्छिद्र पाइपांच्या निचऱ्यावर खर्च व्हायला हवा. मुळांभोवतीचे क्षार उतरले की वाढ अडवून ठेवण्याचे झाडाला कारण उरत नाही, आणि कांडी लांबवायला लागणारे जिबरेलिन ते स्वतःच बनवते.